कोवळ्या पानांचं लोह

प्रिय गिट्टी,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं, तेव्हा वापरायचा हक्कही त्यांचाच. पण मी आधी तुझं कागदोपत्री नाव लिहून पाहिलं, तर पत्र बँकेतून आल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून ते खोडलं आणि हेच लिहिलं. फरशी बसवणाऱ्या माणसाला मुलगी झाल्यावर दुसरं काय सुचणार म्हणा! नशीब समज, सिमेंट नाही ठेवलं. आता पाय वर करून बस आणि सावकाश वाच.

आधी खुशाली. टाकी जिवंत आहे, मासे जिवंत आहेत, तुझे बाबा जिवंत आहेत आणि सगळे वेळेवर जेवतात. पालक हातभर वाढलाय, पुदिन्यानं वाफ्याबाहेर पाय पसरलेत आणि टोमॅटोला फुलं आलीत. फोटो पाठवणार होते, पण प्रत्येक फोटोत तुझे बाबा मध्ये येऊन उभे राहतात आणि मागचं झाड दिसेनासं होतं. फोनचंही तेच. आपल्या घरात फोन वाजला की ती त्यांची मालमत्ता. पिवळ्या पानांची गोष्ट त्यांनी तुला सांगितलीय हे मला माहीत आहे, स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. त्या गोष्टीत ते नायक आहेत, मी त्यांना चहा करून देते आणि दगड बहुतेक आपोआप बदलले जातात. खरं काय झालं ते आता माझ्याकडून ऐक.

मागे तू फोनवर म्हणालीस ना, 'मावशी, जमत नसेल तर मासे कुणाला तरी देऊन टाका आणि टाकी काढून टाका, उगीच त्रास नको.' तू ते चांगल्या मनानं म्हणालीस हे मला कळतं. पण मला ते मान्य नव्हतं. कारण सांगते, हसू नकोस. तुझ्यामाझ्यात बोलायचा विषय आजवर एकच आहे. तू बाबांशी जगभरच्या गप्पा मारतेस, ऑफिसातली भांडणं सांगतेस, जावईबापूंच्या करपलेल्या भाताची नक्कल करतेस. मग फोन माझ्याकडे येतो आणि तू विचारतेस, 'मावशी, पाणी कसं आहे?' मी म्हणते छान आहे. तू विचारतेस मासे खातात का, मी म्हणते खातात, आणि तू म्हणतेस, 'बरं, ठेवते.' मी त्या चार वाक्यांची वाट बघत असते. टाकी गेली तर ती चार वाक्यंही गेली. मग आपण दोघी फोनच्या दोन टोकांना नुसत्या श्वास घेत बसणार. त्यामुळे पालकासाठी नाही गं, मी माझ्यासाठी हटून बसले होते.

मी या घरात आले तेव्हा टाकी आधीपासून होती, आणि तूही. मी काम करते त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराची फरशी बदलायला तुझे बाबा आले होते, ते आठवड्याभराचं काम त्यांनी महिनाभर पुरवलं. संगमरवरी ओट्यावर कुणी लिंबू चिरलं की धावत यायचे आणि भाषण ठोकायचे. आमच्या बायका मुद्दाम लिंबू चिरायला लागल्या होत्या. पुढचं तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी तुझ्या बाबांनी मला घर दाखवलं, म्हणजे खरं तर फरश्या दाखवल्या. तू मात्र मला गच्चीवर घेऊन गेलीस. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून बांधलेली ती निळी टाकी, वर खड्यांचे वाफे, मधे नळ्या. तू म्हणालीस, 'याला हात लावायचा नाही.' मी दोन्ही हात मागे घेतले. मग तुला बहुधा माझी दया आली आणि तू सगळं समजावून सांगितलंस.

माशांना आपण खायला घालतो, मासे खाऊन पुढचं काम करतात आणि त्याला घाण म्हणायचं नाही असं तू मला बजावलंस. ते पाणी पंपानं वर वाफ्यात जातं. खड्यांना चिकटून राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यातल्या विषाचं नत्र करतात, झाडं ते पिऊन टाकतात आणि निवळलेलं पाणी परत माशांच्या डोक्यावर पडतं. मातीचा कणही नाही. मी मनात म्हटलं, हे तर आमचंच स्वयंपाकघर. आमच्याकडेही एका मोठ्या पातेल्यातून सगळ्यांना वाढता येत नाही. एकाला मीठ नको, दुसऱ्याला साखर नको, मूत्रपिंडाच्या वॉर्डात पोटॅशियम नको म्हणून भाज्या उकळून पाणी ओतून द्यायचं. प्रत्येकाचं ताट वेगळं. तूही तेव्हा मला ताटाच्याच भाषेत सांगितलंस की माशांचं खाणं हे माशांसाठी केलेलं असतं. त्यातून झाडांना नत्र पोटभर मिळतं, स्फुरदही बऱ्यापैकी मिळतं, पण पोटॅश आणि चुना कमी पडतात आणि लोह तर जवळजवळ नसतंच, कारण माशाला ते फारसं लागत नाही. मासा कितीही गुणी असला तरी त्याच्याकडे नाही ते तो देणार कुठून? ते बाहेरून घालावं लागतं. हे तुझे शब्द. मी विसरलेले नाही.

तुझं लग्न झालं, तू लांब गेलीस आणि टाकी बाबांच्या हवाली केलीस. माझ्या नाही, हेही लक्षात आलं होतं माझ्या, पण तेव्हा काही बोलले नाही. तुझ्या बाबांनी माशांना पहिल्याच आठवड्यात जावयासारखं खाऊ घातलं. पाणी गढूळ झालं, वास यायला लागला आणि ते शेजाऱ्यांच्या गटाराकडे बोट दाखवायला लागले. मग एक दिवस मी गुपचूप खाण्याचा डबा माझ्याकडे घेतला. त्यांनीही गुपचूप तो घेऊ दिला. तेव्हापासून सकाळी कामावर जाण्याआधी मी वर जाते, चिमटीनं खाणं टाकते, पंप ऐकते. सगळ्यात मोठ्या तिलापियाचं नाव तुझ्या बाबांनी मुकादम ठेवलंय, कारण तो स्वतः काही करत नाही आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवतो. मला बघितलं की मात्र लगबगीनं येतो. आहे एकूण मुकादमच.

तर पानं. आधी पालकाची, मग पुदिन्याची आणि मग टोमॅटोची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. पिवळी म्हणजे लिंबासारखी, आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी पेननं रेघा ओढल्यात. तुला फोनवर सांगितलं तर तू लगेच म्हणालीस, 'लोह कमी पडतंय.' झालं. हे तुझ्या बाबांच्या कानावर पडलं आणि त्यांनी पावडर आणायला जायच्या ऐवजी अवजारांची पेटी उघडली. जुने खिळे, गंजलेल्या पट्ट्या, एक मोडकी बिजागरी, सगळं जाळीच्या पिशवीत भरून त्यांनी टाकीत सोडलं. वर मला सांगतात, 'लोखंडच पाहिजे ना? हे घे, किलोभर!' मी म्हटलं, अहो, रक्त कमी झालेल्या पेशंटला डॉक्टर गोळी देतात, जिन्याचा कठडा चाटायला सांगत नाहीत. ते फुगून बसले. पण गंज झाडाला पचत नाही हे कळल्यावर पिशवी हळूच बाहेर आली, बिजागरी तेवढी आणखी गंजली होती.

मग रीतसर ती लाल पावडर आणली, तू सांगितलीस तशी, झाडाला उचलता येईल अशी तयार केलेली. पाण्यात घातली तर टाकीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. मुकादम दिवसभर रुसल्यासारखा तळाशी बसून होता. आम्ही वाट पाहिली. झाडांना थोडी तरतरी आल्यासारखी वाटली आणि पुढची पानं पुन्हा पिवळी. पुन्हा पावडर, पुन्हा चहा, पुन्हा पिवळी. त्यात ती पट्टी. तू दिलेली पाण्याचा आंबटपणा मोजायची पट्टी बुडवली की निळीशार व्हायची, तू सांगितलेल्या रंगाच्या कितीतरी पुढे. तुझे बाबा बाटलीतलं आम्ल तू सांगितलंस तेवढं थेंबाथेंबानं घालायचे, पट्टी जरा हिरवट व्हायची, आणि पुढच्या खेपेला बघावं तर पुन्हा निळी. शेवटी आम्ही ठरवलं की पट्ट्याच दमट होऊन बिघडल्यात. पट्टीवर खापर फोडलं की बरं असतं, ती उलटून बोलत नाही.

याच सुमाराला तू म्हणालीस, टाकी काढून टाका. तुझा आवाज थकलेला होता. तुझे बाबा लगेच तयार झाले, 'गिट्टी म्हणते तर काढू,' आणि नळ्या खोलायचा पाना शोधायला लागले. गिट्टी, मी तुझ्या बाबांशी भांडत नाही, टोमणे मारते. त्या दिवशी मात्र भांडले. जिन्यात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, पाना घेऊन वर गेलात तर उद्यापासून इस्पितळातलं बिनमिठाचं जेवा. ते इतके गोंधळले की पाना माझ्याच हातात दिला. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. कांदा चिरत होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मग मी नीट बघायला लागले, जसं वॉर्डातून परत आलेलं ताट बघते. कुणी काय टाकलं, कुणी काय खाल्लं, त्यावरून पेशंट कळतो. पालकाच्या एका झाडावर खालची जुनी पानं गर्द हिरवी होती आणि वरची कोवळी पिवळी. मला हे उलटं वाटलं. म्हाताऱ्यानं आधी पिवळं पडावं ना? आमच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे घरी खूप झाडं आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, नत्र किंवा पोटॅश कमी पडलं तर जुनं पान आपल्यातलं काढून कोवळ्याला देतं आणि स्वतः पिवळं पडतं. पण लोहाचं तसं नाही. एकदा ज्या पानात ते बसलं तिथंच बसलं, झाडाला ते पुढं पाठवता येत नाही. म्हणून जुनं पान हिरवंगार असूनही कोवळ्याची उपासमार होते. मी घरी येऊन त्या खालच्या पानांकडे बराच वेळ बघत बसले. मला आधी त्यांचा राग आला होता, तो गेला. आणि एक गोष्ट पक्की झाली. लोह आम्ही घालतोय, तरी ते पोचत नाहीये, म्हणजे वाटेत कुणीतरी अडवतंय.

अडवणारा सापडला तो चहाच्या किटलीमुळे. सुटीचा दिवस होता. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसला होता, तो काढायला मी लिंबाची फोड घासत होते. थर फसफसून निघत होता. बाहेरून तुझ्या बाबांनी सवयीनं आवाज दिला, 'लिंबू ओट्यावर नको!' मीही सवयीनं विचारलं, काय होतं हो लिंबानं? आणि त्यांनी सवयीनं भाषण सुरू केलं, 'संगमरवर म्हणजे चुना. आंबट लागलं की फसफसतो, विरघळतो, आणि आंबटाची ताकद मारून टाकतो. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगतोय...' मी लिंबू हातात घेऊन तशीच उभी. बाहेर भाषण चालू होतं, पण त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग एकदम थांबला. ते दारात आले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही एकाच वेळी आठवलं.

तुलाही आठवेल. तू मागच्या वेळी येणार होतीस तेव्हा वाफ्यातले खडे खाली बसले होते, भर घालायची होती. आपल्या घरात दगड विकत आणणं म्हणजे अपमान. दाराला टेकवायला संगमरवर, कागदांवर ठेवायला संगमरवर, हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली संगमरवर. तेव्हा एका हॉटेलच्या जिन्याचं काम झालं होतं, त्याचे फोडलेले पांढरेशुभ्र तुकडे तुझ्या बाबांनी पोती भरून आणले आणि वाफ्यांमध्ये ओतले, गिट्टी येणार म्हणून. तू वर आलीस आणि टाळ्या वाजवून म्हणालीस, 'बाबा, काय सुंदर दिसतंय!' तेव्हा शहाणपणात आपण तिघंही सारखेच, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी वर जाऊन एक खडा व्हिनेगरच्या वाटीत टाकला. त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे उठले आणि थांबेचनात. बिचारी पट्टी खरं बोलत होती. आम्ही थेंबथेंब आम्ल घालत होतो आणि खडे ते बसल्या जागी संपवत होते. पाण्याचा आंबटपणा असा मेला की लोह पाण्यात असूनही मुळांना उचलता येत नाही. वाढलेलं ताट समोर आणि हात बांधलेले.

तुझे बाबा त्या दिवशी ताटातली भाजी नुसती चिवडत होते. माणसानं जन्मभर जे इतरांना बजावलं तेच त्याच्या स्वतःच्या गच्चीवर घडावं, आणि तेही लेकीच्या कौतुकापोटी! मला हसू येत होतं, ते लपवायला मी पोळी आणायला उठले. हात धुताना ते म्हणाले, 'तिला चांगलं दिसावं म्हणून घातले होते.' मी म्हटलं, माहीत आहे. खडे वाईट नाहीत हो, चुना झाडांना लागतोच, फक्त इतका नको. तेव्हा कुठं त्यांनी पाणी प्यायलं. मग जे कामाला लागले! नदीतले गोटे विकत आणायला स्वतः गेले. दुकानदार त्यांना ओळखतो, तो म्हणाला, 'तुम्ही, आणि दगड विकत?' ते काय बोलले मला सांगत नाहीत, पण येताना कान लाल होते. एकदम सगळे खडे काढायचे नाहीत, नाहीतर जंतूंचा संसार मोडेल, हे तुझंच शिकवलेलं. म्हणून एक वाफा झाला की थांबायचं, मासे नीट खातात ना बघायचं, मग दुसरा. ते उकरून द्यायचे, मी चाळणीवर निवडायची. पांढरे डावीकडे, बाकीचे उजवीकडे. शेजारच्या काकू कठड्यावरून विचारत होत्या की काही हरवलंय का. तुझे बाबा म्हणाले, 'अक्कल.' त्या आतापर्यंत ते सगळ्या गल्लीला सांगून मोकळ्या झाल्या असतील.

पट्टी हळूहळू हिरवी होत गेली, मग पिवळसर हिरवी, तुझ्या डबीवरच्या खुणेला लागून. मग पुन्हा चिमूटभर लाल पावडर. पिवळं पडलेलं पान फारसं सुधारलं नाही, त्याच्याकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं. मी बघत होते झाडाच्या मध्यभागी, नवं पान उलगडतं तिथं. एका सकाळी तिथं करंगळीच्या नखाएवढं पान होतं आणि ते हिरवं होतं, शिरांसकट, कडेपासून कडेपर्यंत. मी गच्चीवरून अशी ओरडले की तुझे बाबा दाढीचा साबण तोंडावर घेऊनच वर आले. आम्ही दोघं त्या पानाकडे बघत उभे राहिलो. मला कामावर उशीर झाला आणि मी कुणालाही सॉरी म्हटलं नाही.

इथे गोष्ट संपली असती, तर हे पत्र तुझ्या बाबांच्या फोनात मावलं असतं. पण परवा तू फोनवर दिसत होतीस, तेव्हा तुझे बाबा मुकादमाच्या गमती सांगत होते आणि मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते. तुझा चेहरा कागदासारखा झालाय. समोर दुधाचा पेला होता. तू तळहातावर दोन गोळ्या घेतल्यास, एक लालसर, एक मोठी पांढरी, दोन्ही एकदम तोंडात टाकल्यास आणि वर दूध प्यालीस. मग म्हणालीस, चहा टाकते. मला काही बोलावंसं वाटलं, पण फोन माझ्याकडे आला तेव्हा तू विचारलंस पाणी कसं आहे, आणि मी म्हटलं छान आहे. नंतर तुझ्या बाबांकडून खोदून काढलं. दिवस भरत आले की कुणी यायचं का, हे त्यांनी तुला विचारलं होतं आणि तू म्हणालीस, नको, आम्ही दोघं बघू. आणि हेही की डॉक्टर रागावलेत, रक्त कमी आहे, गोळ्या घेऊनही चढत नाही. गोळ्या घेऊनही चढत नाही! हे सांगून ते न्हाणीघरात गेले आणि चांगली बसलेली एक फरशी उखडून पुन्हा बसवत राहिले. मी वर गेले आणि मुकादमाला दुप्पट खाणं टाकून बसले. कधी नव्हे ते माझ्याकडून झालं.

म्हणून हे पत्र. टाकी निमित्त आहे. मला तुझ्याकडे यायचंय, गिट्टी. तुला बाळ होईपर्यंत आणि नंतर तू म्हणशील तोवर. मला आई म्हणू नकोस हे मीच तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि आजही तेच सांगते. ती जागा भरलेली आहे, तुझ्या आईच्या फोटोची काच मीच पुसते आणि पुसताना तिला तुझी बातमी सांगते. तिच्याजवळ जे होतं ते तिला आता तुझ्यापर्यंत पाठवता येत नाही, आणि तुझ्या बाबांचा जीव तुझ्यात अडकलेला असला तरी त्यांना त्यातलं काही कळत नाही, ते तुला बिजागरी चाटायला देतील. काही गोष्टी बाहेरून घालाव्या लागतात. मी बाहेरून आलेली आहे, आणि मला कुणाला काय, कधी, कशाबरोबर वाढायचं एवढंच येतं, पण ते चांगलं येतं. तुझं बाळ बघायची मला फार इच्छा आहे, हेही लपवत नाही. बाहेरच्या खोलीत झोपेन, जावईबापूंच्या भाताला नावं ठेवणार नाही, आणि तुला नकोशी झाले तर न रुसता परत येईन. रजा मागितली आहे, मिळालीही आहे. टाकी तुझे बाबा सांभाळतील, खाण्याच्या डब्यात मी माझ्या मापाचा चमचा ठेवलाय. तुला हो किंवा नाही म्हणणं जड जात असेल तर म्हणूच नकोस. पुढच्या फोनवर नेहमीसारखं पाणी कसं आहे विचारलंस, तर मी छान आहे म्हणेन आणि मनात काही ठेवणार नाही. पण जर विचारलंस की मावशी, गाडी कधीची आहे, तर एवढंच सांगते की माझी पिशवी भरून झालीय. ती दारातच आहे, आणि दार मिटू नये म्हणून खाली संगमरवराचा तुकडा लावलाय.

तुझीच,
मावशी

ता. क. मी आले नाही तरी एवढं कर. लालसर गोळी लोहाची आणि पांढरी चुन्याची, त्या एकत्र घेऊ नकोस, मधे काही तास जाऊ दे. लालसर गोळीवर दूध नको, चहा नको, लिंबाचं पाणी घे. तुझ्या डॉक्टरांनाही विचारून घे, ते हेच सांगतील. आणि लिंबू ओट्यावर चिरू नकोस, तुझे बाबा मागे उभे आहेत आणि हे लिहायला लावताहेत.